ला पाझचा चेटकिणींचा बाजार: पर्यटकांनी तिथे जावं का?

रानवाटा
हल्ली बोलिव्हियाच्या प्रवासाचे मराठी व्हिडिओ बरेच दिसतात. ला पाझमधली लिनारेस गल्ली, दुकानाबाहेर टांगलेले लामाचे (उंटाच्या जातीतला तिथला लोकरीचा प्राणी) वाळके गर्भ, आणि वर मथळा 'काळी जादू'. मला याचा मनापासून राग येतो. सान फ्रान्सिस्को चर्चच्या मागच्या चढावरचा हा बाजार आयमारा या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या रोजच्या गरजेचा आहे. खोकल्याला विरा-विरा, पोटदुखीला मुन्या, आणि ३,६०० मीटर उंचीवर डोकं धरलं की कोकाच्या पानांचा चहा.

मी गेले तेव्हा एक जोडपं नव्या घरासाठी सामान घेत होतं. दुकानदारीण आधी विचारते, कशासाठी हवंय? घर, धंदा, प्रवास की तब्येत? मग कागदावर मांडणी सुरू होते. सुवासिक पाला, रंगीत लोकर, लामाची चरबी, साखरेच्या वड्या. त्यांच्यासाठी तिने घराचा ठसा असलेल्या वड्या शोधून काढल्या. वर 'सुल्लू', म्हणजे लामाचा गर्भ. यातिरी, म्हणजे त्यांचा विधी करणारा जाणकार, हा नैवेद्य पाचामामाला, धरतीमातेला, जाळून अर्पण करतो. घराच्या पायातही सुल्लू पुरतात. आपण वास्तुशांत करतो, तितकंच हे त्यांच्या घरचं. म्हणून म्हणते, जरूर जा, काहीतरी विकत घ्या, फोटोआधी विचारा.

दगडफूल
सुल्लूला माझाही विरोध नाही. ते गाभडलेल्या किंवा मांसासाठी कापलेल्या लामांचे असतात, असं विक्रेते सांगतात. पण त्याच दुकानांत वाळवलेले आर्माडिलो (अंगावर कवच असलेला प्राणी) आणि बेडूकही दिसतात, त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाही. बोलिव्हिया-पेरूच्या सीमेवरच्या टिटिकाका सरोवरातला मोठा बेडूक आज धोक्यात आहे. पेरूमध्ये त्याचा रस काढून शक्तिवर्धक म्हणून विकतात. श्रद्धा जुनी आहे म्हणून जंगल रिकामं करायचा परवाना मिळत नाही. पर्यटकांचा पैसा आला की मागणी वाढणारच. मी तर म्हणेन, त्या गल्लीत जाऊच नका.

रानवाटा
पर्यटक तिथे नैवेद्य विकत घेत नाहीत हो, शाली आणि ताईत घेतात. सुल्लूचं गिऱ्हाईक स्थानिकच. ऑगस्टमध्ये धरणी भुकेली असते, तिचं तोंड उघडं असतं असं ते मानतात, आणि त्या महिन्यात नैवेद्यांना सर्वांत जास्त मागणी असते. तुम्ही आम्ही गेलो नाही तर बेडूक वाचणार नाहीत, फक्त औषधी पाला विकणाऱ्या बाईचा गल्ला कमी होईल. प्राण्यांचे अवयव घेऊ नका, हे ठणकावून सांगू या की!

वैद्यकन्या
मला वेगळाच मुद्दा खटकतो. खोकल्याचा पाला ठीक, पण त्याच बाजारातल्या मधुमेहावरच्या पुड्यांचं काय? त्यांत काय आहे, किती घ्यायचं, कोण सांगणार?

उंबरठा
असं सरसकट बोलू नका. बोलिव्हियातल्या चारासानी भागातले कल्लावाया वैद्य पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून उपचार करत आले. युनेस्कोने २००३ मध्ये त्यांच्या परंपरेचा गौरव केला. बोलिव्हियाच्या २००९ च्या राज्यघटनेत पारंपरिक वैद्यकाला स्थान आहे, २०१३ मध्ये त्यासाठी वेगळा कायदाही झाला.

वैद्यकन्या
कल्लावायांबद्दल मला आदरच आहे. पण युनेस्कोने परंपरा गौरवली, औषध तपासलं नाही. आणि गल्लीतली प्रत्येक पुडी कल्लावायाने बांधलेली नसते. इन्सुलिन बंद करून कोणी ती घेतली तर जीव त्याचा जाईल. पर्यटकांनी तरी अशा औषधांची जाहिरात करू नये.

उंबरठा
हे मान्य. आणखी एक, कोकाचा चहा तिथेच प्या. बोलिव्हियाने कोकाची पानं चघळण्याच्या हक्कासाठी अमली पदार्थांचा १९६१ चा आंतरराष्ट्रीय करारच सोडला आणि २०१३ मध्ये राखीव अटीसह ते परत सामील झाले. पण कोकेन याच पानापासून बनतं, म्हणून आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कोकाचं पान येतं. चहाच्या पिशव्याही बॅगेत टाकू नका.

दगडफूल
रानवाटा, फोटोचं आणि 'काळी जादू'चं तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलं. बाजाराबद्दल मात्र नाही. वाळके बेडूक दुकानात लटकत असतील तोवर मी कोणालाही तिथे जा म्हणणार नाही.

रानवाटा
आणि मी म्हणत राहणार. ज्या दुकानात ते दिसतील तिथून काही न घेता पुढच्या दुकानात जा, आणि का घेत नाही ते त्या दुकानदारणीला सांगा.