फोटोतला नियम: पाटी दाखवायची की रिकामं जू?

गावची मास्तरीण (यवतमाळ जिल्हा)
आमच्या गावच्या वाचनालयानं पोळ्यानंतर मोबाइलवर काढलेल्या फोटोंचं छोटं प्रदर्शन ठेवलं. विषय एकच शब्द: 'नियम'. निवडीत मीही होते. बहुतेकांनी पाट्या आणल्या. 'येथे थुंकू नये', 'चपला बाहेर काढा', एसटीतलं 'महिलांसाठी राखीव'. एका बारावीच्या पोरानं मात्र कोठ्यातलं जू टिपलं. गेरूनं सारवलेली भिंत, तिला टेकवलेलं जू, मधोमध मानेच्या घासानं गुळगुळीत झालेलं लाकूड, वर खुंटीला कासरा. कडेला उंबऱ्यावर बसलेल्या माणसाचा एक पाय तेवढा दिसतो. भरदुपार आहे आणि माणूस बसलेला आहे. बैल कुठंच नाही. खाली लिहिलंय, 'आज नाही'.

दुसऱ्या परीक्षकांनी तो बाजूला काढला. म्हणाले, यात नियम कुठे आहे? मला तर सगळ्या भिंतीवर तोच एक नियमाचा फोटो वाटला. जिथं 'थुंकू नये' लिहिलंय तीच भिंत लाल असते. पाळला जाणारा नियम पाटीवर नसतो, तो माणसाच्या हातापायांत मुरलेला असतो. मग तो दाखवायचा तर जे घडत नाहीये तेच दाखवावं लागेल. तुम्हाला काय वाटतं?

जिनिंगवाला
मॅडम, मी परीक्षकांच्या बाजूचा. पोळ्याला बैल न जुंपणं ही रीत झाली. नियमाला मागं कुणीतरी उभा असतो, जो 'नाही' म्हणू शकतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत कापूस आला की ओलावा मोजायचं मीटर लावतात. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये कपात, १२ च्या वर गेला की गाडी परत. त्या मीटरच्या आकड्याकडे बघणाऱ्या कास्तकाराच्या चेहऱ्याचा फोटो काढा. तिथं खाली काही लिहावं लागणार नाही. ज्या फोटोला कुबडी म्हणून ओळ लागते, तो फोटो अर्धाच.

वावरातला
भाऊ, रीत म्हून सोडून देऊ नका. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलायचे खांदे हळद-तुपानं शेकतेत आन् कानात सांगतेत, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. एकदा आवतन देल्लं का मंग त्याले जुपता येत नाई, डवरनी कितीबी अडली तरी. माया बापानं एका सालात तन वाढलं होतं तरी बैल सोडला नाई. कोनी दंड मारनार नव्हता, कोनी पाहातबी नव्हतं. तुमच्या मीटरपाशी मानूस लाचार होते. हा नियम त्यानं सोता खांद्यावर घेतला. मले तं हाच मोठा वाटते. आन् ज्यानं आवतन देल्लं हाय त्याले खालची ओळ वाचा लागत नाई, रिकामं जू पाह्यलं का समजते.

वर्धेकरीण
दोघांच्याही बोलण्यात फोटो काढणाऱ्याचे नियम राहून गेले. आमच्या सेवाग्रामचंच उदाहरण देते. गांधीजी तिथं १९३६ पासून राहिले. त्यांचे नात्यातले नातू कनू गांधी यांना त्यांनी फोटो काढायला परवानगी दिली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही, उभं राहा-बसा सांगायचं नाही आणि आश्रम पैसे देणार नाही. त्या अटींमुळेच कनूभाईंच्या फोटोंतले गांधीजी पाठमोरे, चालताना, मिळेल त्या उजेडात दिसतात. तिथं फोटोत नियमाची पाटी नाही, अख्खा फोटोच नियमातून उतरलाय. म्हणून मला आधी हे कळायला हवं: त्या मुलानं जू होतं तिथंच टिपलं का?

गावची मास्तरीण
विचारलं त्याला. खरं सांगितलं त्यानं. जू आत अंधारात आढ्याला टांगलेलं होतं. त्यानं ते काढून दाराशी, उजेडात टेकवलं. आमच्या प्रदर्शनाची अट होती की मांडून फोटो काढायचा नाही. हे मला आधी माहीत नव्हतं.

ताडोबाशेजारी
मग विषय संपला. मी जिप्सीवर असतो. जंगलात खाली उतरायचं नाही, हाक मारायची नाही, वाघ आडवा बसला तर तो उठेपर्यंत थांबायचं. कित्येक पाहुणे चार-चार फेऱ्या करून मोकळ्या हातानं परत जातात, आणि तरी मी म्हणेन की रिकामा हात बरा, हलवलेली वस्तू नको. नियमाचाच फोटो नियम मोडून काढला असेल तर त्यात उरलं काय?

वर्धेकरीण
एवढं सरळ नाही हो. फ्रेंच छायाचित्रकार हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हे फोटो कातरण्याच्या, म्हणजे कडा कापून टाकण्याच्या, कायम विरोधात. पण १९३२ मध्ये पॅरिसच्या सेंट-लझार स्टेशनामागं त्यांनी टिपलेला, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा फोटो कातरलेला आहे. कुंपणाच्या फळीमुळं कड झाकली गेली होती. आज त्यांचं नाव निघालं की तोच आठवतो. अर्थात कातरणं आणि उचलून ठेवणं यांत फरक आहे, हे मलाही मान्य.

गावची मास्तरीण
रात्रभर हा फरक डोक्यात होता. आपल्याकडे 'नेम' म्हणजे रोजचा पाळायचा नेम, आणि नेम धरणं म्हणजे निशाणा साधणंही. पावसाचा नेम नाही असंही आपणच म्हणतो. पोरानं नेम धरताना नेम मोडला, एवढं मी मान्य करते. बक्षीस द्यायचं नाही, हेही कबूल. पण फोटो उतरवायला माझा हात धजत नाही. जू हललं असेल, त्या दिवशी बैल जुंपला नव्हता हे तर हललं नाही ना. आणि तो बसलेला पाय त्याच्या आजोबांचा आहे. त्यांना त्यानं बस म्हटलं नव्हतं.

जिनिंगवाला
पाय आजोबांचा, हे कळल्यावर मी परत पाहिला. ओळीबद्दल माझं मत तेच आहे. 'आज नाही' काढून टाका.

ताडोबाशेजारी
मी माझं म्हणणं मागं घेत नाही. लावायचाच असेल तर 'आज नाही'च्या जागी लिहा, 'जू हलवलं आहे'.

वावरातला
लिवा. आन् संगं हेबी लिवा का कासरा त्याच खुटीवर होता.