‘टर्मिनल बदला’ म्हणजे नक्की काय बदला?

महालकर
इथं नागपूरच्या एका कॉलेजच्या लिनक्स लॅबची पुस्तिका मराठीत आणणं सुरू आहे. मसुद्यात ‘टर्मिनल एम्युलेटर’चं, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीचं, नुसतं ‘टर्मिनल’ केलं; ‘शेल’चं, म्हणजे त्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामचं, ‘कवच’. ‘टर्मिनल बदला’ वाचून मुलांनी शेल बदलायची ‘सीएचएसएच’ ही आज्ञा चालवली. लॉगिन शेल बदलला, खिडकी होती तीच राहिली. ‘एम्युलेटर’ला ‘अनुकारक’ चालेल का?

धरमपेठ
अर्थाला चोख आहे. व्हीटी१०० हे डेक कंपनीचं १९७८चं यंत्र, पडदा आणि कीबोर्ड. १९८४पासूनचा एक्सटर्म हा टर्मिनल एम्युलेटर त्याच घराण्यातल्या यंत्रांची नक्कल करतो. यंत्रं गेली, त्यांचे एस्केप संकेत, म्हणजे रंग, कर्सर हलवायच्या खुणा, अजून चालतात. अनुकरण करतो तो अनुकारक.

गोकुळपेठ
पण अनुकारक म्हणते कोण, भाऊ? लॅबमध्ये सगळे टर्मिनलच म्हणून राहिले. सोनेगावच्या विमानतळाशी कोणी त्याची गल्लत करत नाही. घोळ ‘कवच’नं घातला, ते काढा आणि कृती नीट लिहा. डेबियन, उबुंटूवर: ‘सुडो अपडेट-अल्टरनेटिव्हज --कॉन्फिग एक्स-टर्मिनल-एम्युलेटर’, यादीतला आकडा, एंटर. डेस्कटॉपची आपली वेगळी सेटिंग असेल तर तीही बदलावी लागते.

बर्डी
‘तोतया’ घ्या! पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया आला, तो शब्द मराठीत मुरलेला आहे. कितीतरी टर्मिनलं आपली ओळख सांगणाऱ्या ‘टर्म’ या चलात ‘एक्सटर्म-२५६कलर’ असंच नाव सांगतात. किटी हा टर्मिनल मात्र ‘एक्सटर्म-किटी’ सांगतो. जुन्या सर्व्हरच्या टर्मइन्फोत, म्हणजे टर्मिनलांच्या नोंदवहीत, ती नोंद नसते, मग नॅनो, टॉप हे प्रोग्राम उघडायलाच नकार देतात. उपाय: सर्व्हरला जोडताना ‘एसएसएच’ऐवजी ‘किटन एसएसएच’. ते नोंद सोबत घेऊन जातं.

गोकुळपेठ
बॅशआरसीत, म्हणजे शेलच्या सेटिंगच्या फाइलीत, ‘टर्म’ कायमचं लिहून टाकू नका, एवढंही छापा. एका खिडकीत अनेक शेल चालवणाऱ्या टीमक्सच्या आत त्याला ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’ जातीचंच नाव लागतं. वरून दुसरं लादलं की रंग आणि कीबोर्डची बटणं बिघडतात.

महालकर
तोतया फसवायला येतो, ताई. बहुरूपी पोलिसाचा वेश घेतो तेव्हा तो बहुरूपी आहे हे गावाला ठाऊक असतं. म्हणायचंच तर ‘बहुरूपी’ म्हणू.

धरमपेठ
बहुरूपी रूपं बदलतो, हा जन्मभर एकाच घराण्याची नक्कल करतो. ‘अनुकारक’च. पण मराठी मुलांची पुस्तिका आहे, तर ‘विदर्भ’ नावाचं फोल्डर करून यादी दाखवणारी ‘एलएस’ चालवून बघा. अ‍ॅलॅक्रिटी हा टर्मिनल अक्षरं जुळवत नाही: वेलांटी ‘व’च्या आधी न येता मागून पडते, रफार वर चढत नाही, ‘र’ला नुसता हलन्त दिसतो. किटी हे काम अक्षरं जुळवणाऱ्या हार्फबझकडून करून घेतो. किटीच्या सेटिंगच्या किटी.कॉन्फ फाइलीत ‘सिम्बॉल_मॅप यू+०९००-यू+०९७एफ नोटो सान्स देवनागरी’ ही ओळ घाला, कंट्रोल+शिफ्ट+एफ५ दाबा.

बर्डी
आधी ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’नं फॉन्ट आहे का ते पाहा. आणि अक्षरं जुळली तरी शेल न् टर्मिनलचं, कुठलं अक्षर किती रकाने घेतं, हे गणित जुळेलच असं नाही. न जुळल्यास बॅकस्पेसला कर्सर भलत्याच अक्षरावर जातो. फाइलनावं रोमनमध्ये ठेवायला सांगा.

धरमपेठ
मराठी पुस्तिकेत हे सांगायचं? मुळीच नाही. एमएलटर्म हा टर्मिनल बहुभाषी लिपींसाठीच केलेला आहे, तो बसवा.

गोकुळपेठ
वेलांटी ‘पडते’ की ‘सरकते’, काय छापणार?