शंका आली की चेंडू आत: पिकलबॉलमधला हा नियम न्याय्य आहे का?

तिसरा फटका

पिकलबॉलमध्ये, म्हणजे छोट्या कोर्टवर बॅट आणि प्लास्टिकच्या चेंडूने खेळायच्या टेनिससारख्या खेळात, सगळ्यात जास्त कटुता येते ती रेषेवरून. रोजच्या खेळात पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर हे आपण सांगायचं आणि नेटपलीकडच्यांनी ते मानायचं, अशी या खेळाची रीत. त्यासोबत नियमपुस्तक एक अट घालतं: चेंडू टप्पा घेतो त्या क्षणी चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये मोकळी जागा स्पष्ट दिसली, तरच ‘आउट’ म्हणायचं. जोडीदार आडवा आला, ऊन डोळ्यांवर होतं, चेंडू पाठीमागे पडला, काहीही कारण असो, दिसलं नाही तर चेंडू आत. शंकेचा फायदा प्रतिस्पर्ध्याला.

माझं मत स्पष्ट आहे. ही अट मैत्रीच्या खेळातही शब्दशः पाळायला हवी. ‘बहुतेक बाहेर होता’ हा निर्णय होऊच शकत नाही. ‘बहुतेक’ म्हणालात तिथेच गुण समोरच्याचा झाला.

दुहेरीत तर हे सर्रास मोडलं जातं. एक जण आत म्हणाला आणि दुसरा बाहेर, तर चेंडू आत धरायचा, कारण जोडीतच दुमत आहे म्हणजे शंका आहे. प्रत्यक्षात काय होतं? ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं आणि दुसरा गप्प मान डोलावतो. हे बघून मला मनापासून वाईट वाटतं.

ज्यांना हा नियम पटत नाही त्यांनी खाली प्रतिक्रियेत जरूर लिहा.

सरळ रेघ

मला पटत नाही. तत्त्व चांगलं आहे, पण कोर्टवर ते प्रामाणिक माणसाच्याच मुळावर येतं. आम्ही प्रत्येक शंकेचा चेंडू देतो, समोरची जोडी एकही देत नाही. डाव ११ गुणांचा. असे तीन चेंडू गेले तर डाव गेला, आणि आम्ही काही चुकीचं खेळलोही नाही.

त्यापेक्षा शंका आली की रॅली पुन्हा खेळावी. कुणाचंच नुकसान नाही, वादही नाही. मी जिथे जिथे खेळलो तिथे लोक आपसूक हेच करतात आणि खेळ पुढे चालू राहतो.

तिसरा फटका

सरळ रेघ, पुन्हा खेळण्यात नुकसान होतंच, फक्त ते दिसत नाही. समजा समोरच्याने तुमच्या बेसलाइनच्या, म्हणजे मागच्या टोकाच्या रेषेच्या, कोपऱ्यात अचूक फटका मारला. तुम्ही पोचला नाहीत. ती रॅली त्याची. आता तुम्ही ‘नीट दिसलं नाही’ म्हणालात आणि रॅली पुन्हा सुरू झाली, म्हणजे त्याने कमावलेला गुण पुसून तुम्हाला नवी संधी मिळाली. न बघण्याचं बक्षीसच की हे.

शंका आली तर समोरच्यांना विचारायची मुभा नियमात आहे. त्यांना स्पष्ट दिसलं असेल तर ते सांगतील आणि तो निर्णय तुम्ही मानायचा. त्यांनाही दिसलं नसेल तर मात्र आत. प्रेक्षकांना विचारायचं नाही, ते कितीही जवळ बसलेले असले तरी.

कोनमापक

नियमाच्या बाजूने एक वेगळा मुद्दा. हा फक्त सभ्यतेचा प्रश्न नाही, डोळ्यांचाही आहे.

वेगाने जाणारी वस्तू आपल्याला तिच्या दिशेने किंचित पुढे सरकलेली भासते. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी विम्बल्डनमधल्या हजारो गुणांच्या चित्रफिती तपासल्या. व्यावसायिक पंचांच्या चुका मोजक्याच निघाल्या, पण त्यांतल्या बहुसंख्य एकाच प्रकारच्या होत्या: आत पडलेला चेंडू बाहेर दिला गेला. उलट चुका फार कमी. म्हणजे एका जागी स्थिर असलेल्या, प्रशिक्षित माणसाचा डोळासुद्धा बाहेरच्या बाजूला झुकतो. मग मागे धावत, मान वळवून बघणाऱ्या खेळाडूचं काय, ज्याला तो चेंडू बाहेर गेलेलाच हवा आहे? नियम हा झुकाव उलट्या बाजूने भरून काढतो. म्हणून तो मला एकतर्फी वाटत नाही.

कुठे उभं राहून बघता यालाही महत्त्व आहे. बाजूच्या रेषेचा चेंडू त्या रेषेच्या सरळ नजरेत उभ्या असलेल्याला उत्तम दिसतो. पण बेसलाइनचा चेंडू नेटपलीकडच्याला जवळपास दिसतच नाही. तो त्याच्या किचनच्या (नेटलगतच्या पट्ट्याच्या) रेषेवर असेल तर नेटपासून ७ फुटांवर, तुमची बेसलाइन नेटपासून २२ फुटांवर, म्हणजे २९ फुटांवरून तो ती फट शोधतोय, तीही चेंडूच्या मागून. अशा चेंडूवर त्याने ‘आत होता!’ म्हणून ओरडण्याला अर्थ नाही. तुम्ही विचारलंत तरच त्याने बोलावं.

टप्पा

कोनमापक यांचं डोळ्यांबद्दलचं पटलं. पण ‘फट दिसली तरच आउट’ यावर माझा मूलभूत आक्षेप आहे.

पिकलबॉलचा चेंडू कडक प्लास्टिकचा. व्यास साधारण ७३ ते ७५ मिलिमीटर. तो टेनिसच्या चेंडूसारखा दबत नाही, त्यामुळे जमिनीला टेकतो तो अगदी लहानसा भाग, बरोबर मध्याखाली. रेष २ इंच रुंद, म्हणजे साधारण ५१ मिलिमीटर. आता चेंडू रेषेच्या बाहेर टेकला, पण त्याची कड रेषेवर लोंबतेय. वरून पाहिलं तर ती रेषेची अर्ध्याहून जास्त रुंदी झाकू शकते, तरी चेंडूने रेषेला स्पर्श केलेलाच नाही. आणि नियम तर सांगतो की चेंडू रेषेला टेकला तर आत. मग असा चेंडू बाहेरच म्हणायला हवा. उभ्याने बघणाऱ्याला फट दिसत नाही म्हणून खरोखर बाहेर पडलेला चेंडू आत द्यायचा, हा कसला न्याय?

कोनमापक

टप्पा, भूमिती बरोबर आहे. निष्कर्ष चुकतोय. असा चेंडू बाहेर होता हे तुम्ही ठरवता कशावरून? अंदाजाने. खाली वाकून, रेषेच्या सरळ नजरेत असाल तर चेंडूच्या पोटाखालची जागाही दिसते, आणि तेव्हा ‘आउट’ म्हणायला कुणाची हरकत नाही. वरून बघून ‘कड लोंबत असणार’ म्हणणं म्हणजे न दिसलेल्या गोष्टीची साक्ष देणं.

टप्पा

मान्य, अंदाजाने देऊ नये. पण मग नियम चेंडू आत होता असं म्हणत नाही, आम्हाला कळलं नाही एवढंच म्हणतो. लोक ते ‘आतच होता’ म्हणून मिरवतात, त्याला माझा विरोध कायम आहे.

मुक्तछंद

इथे सगळे चुकीने ‘आउट’ देणाऱ्यांबद्दल बोलत आहेत. उलट बाजूही बघा. नवीन खेळाडूला चेंडू वीतभर बाहेर पडलेला दिसतो, तो ‘आउट’ म्हणतो, आणि पलीकडचे अनुभवी काका कमरेवर हात ठेवून विचारतात, “नक्की का?” तो लगेच कचरतो. गुण देऊन टाकतो. शंका त्याच्या मनात नव्हतीच, ती बाहेरून घातली.

तिसरा फटका दादा, तुमचा नियम मला मान्य आहे, पण त्याचा दुसरा अर्धा भागही तेवढ्याच जोराने सांगा: ज्याच्या बाजूला चेंडू पडला, निर्णय त्याचा. स्पष्ट दिसलं असेल तर मोठ्याने, हात वर करून ‘आउट’ म्हणायचं आणि माफी मागायची नाही. नव्यांना आधी हे शिकवा. शंकेचा फायदा देण्याचा उपदेश त्यांना सगळे करतात, हक्काबद्दल कुणी बोलत नाही.

तिसरा फटका

मुक्तछंद, हे अगदी खरं आहे आणि मूळ लेखात यायला हवं होतं. “नक्की का?” हा प्रश्न नसतो, दबाव असतो.

सोडचेंडू

थोडं वेगळं. जोडीदाराला सावध करायला चेंडू हवेत असतानाच ‘आउट, आउट’ ओरडणारे बरेच आहेत. टप्प्याआधीचं ओरडणं नियमाने फक्त आपसातलं बोलणं, त्यावर खेळ थांबत नाही. टप्प्यानंतर म्हटलं तर तो निर्णय. पण पलीकडचा ते ऐकून थांबतो, चेंडू आत पडतो, आणि भांडण सुरू. जोडीदाराला ‘सोड!’ म्हणा. ‘आउट’ हा शब्द टप्प्यानंतरसाठी राखून ठेवा.

सरळ रेघ

एवढं सगळं करण्यापेक्षा कॅमेरा लावा. २०२५ पासून विम्बल्डननेही रेषेवरचे पंच काढून यंत्रणा आणली.

कोनमापक

तिथे कोर्टभोवती खास वेगवान कॅमेरे असतात. आपण लावणार मोबाइल. तो सहसा सेकंदाला ३० चित्रं टिपतो. सेकंदाला १५ मीटर वेगाने आलेला चेंडू दोन चित्रांमध्ये अर्धा मीटर सरकलेला असतो. टप्प्याचा नेमका क्षण बहुधा त्या दोन चित्रांच्या मध्येच निसटतो, आणि मग चित्रावरून नवं भांडण.

सरळ रेघ

ठीक, कॅमेरा सोडतो. पुन्हा खेळण्याचा मुद्दा सोडत नाही. निदान दोन्ही जोड्यांनी आधीच ठरवलं असेल तर तसं खेळायला काय हरकत आहे? आणि माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही: समोरचे सतत खोटे ‘आउट’ देत असतील तर करायचं काय?

तिसरा फटका

आधी ठरवून खेळलात तर तो तुमचा आपसातला करार, माझी हरकत नाही. स्पर्धेत मात्र ते चालणार नाही.

खोट्या निर्णयांबद्दल: स्पर्धेत असाल तर आयोजकांकडे पंचाची मागणी करा. रोजच्या खेळात डाव संपल्यावर त्या माणसाला एकट्याला बाजूला घ्या आणि एकच नेमका चेंडू सांगा, ‘डाव्या कोपऱ्यातला तो मला आत दिसला, तुम्हाला फट दिसली होती का?’ सगळ्यांसमोर, रॅलीच्या मध्ये नको. तरी फरक पडला नाही तर त्यांच्याशी खेळू नका. पण उट्टं काढायला आपणही त्यांचा आतला चेंडू बाहेर द्यायचा, हे मात्र मला कुठल्याही परिस्थितीत मान्य नाही.

सरळ रेघ

तीन डाव गमावल्यावर हे ऐकायला जड जातं. बाजूला घेऊन बोलून बघतो. ते काय म्हणाले ते इथे लिहीन.