मदत हवी आहे: घरच्या शेडमध्ये तात्पुरता स्प्रे बूथ, बजेट पाच हजार (झोपाळ्यावर काजळी बसते आहे)

मंडळी, नमस्कार.

नोकरी बँकेत आणि जीव लाकडात, अशातला मी. सांगलीत विश्रामबागला घर, मागच्या अंगणात दहा बाय चौदाची पत्र्याची शेड. तिथं रविवारी रंधा-पटाशी चालते. बहिणीला दिवाळीत सागवानी झोपाळा द्यायचं कबूल केलं होतं, आता मार्गशीर्ष निम्मा सरला. पाट तयार आहे, पाच फूट बाय दोन. पितळी कड्या-साखळ्या आल्या. अडलंय फक्त पॉलिश.

ब्रशने मारलं तर केसांच्या रेघा दिसतात म्हणून दोन एचपीचा कॉम्प्रेसर आणि साधी गन घेतली. पहिल्यांदा अंगणात उघड्यावर मारलं. सँडिंग सीलरचे दोन हात झकास बसले. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचा पहिला हात मारून चहाला आत गेलो, येऊन बघतो तर पाटावर काळ्या अळ्या! कुठंतरी उसाचा फड पेटवला होता. पाचटाची ती बोटभर काजळी इकडच्या लोकांना सांगायला नको, हंगाम सुरू झाला की धुणं वाळत घालायच्या आधी आभाळाकडे बघावं लागतं. ओल्या लॅकरवर ती बसली की संपलं. चिमट्याने उचलायला गेलो तर तिची पूड झाली आणि करडी रेघ पाटात कायमची. २२० चा पेपर घेऊन सगळं पुन्हा खाली.

दुसऱ्या वेळी शहाणपणा केला, शटर लावून आत मारलं. पाच मिनिटांत ट्यूबलाईट दुधी दिसायला लागली. माल हवेत तरंगत राहिला आणि हवेतच वाळून पाटावर खाली बसला. सुकल्यावर हात फिरवला तर बारीक रवा. डोकं दिवसभर जड. संध्याकाळी शेजारच्या काकू कुरडयांचं ताट घेऊन दारात: "वास घेऊन बघ जरा." घेतला. थिनरच. काकूंच्या गाडीवरही पांढरी भुकटी होती, ती फडक्याने पुसली गेली. कुरडया काही पुसता येईनात.

आता विचार असा. एक इंची पीव्हीसी पाईपचा सांगाडा, सहा फूट रुंद, सात उंच, सात खोल. काम झालं की सोडवून माळ्यावर. वरून प्लास्टिक; तासगावचे मामेभाऊ द्राक्षबागेवरचं जुनं प्लास्टिक फुकट देतायत. मागच्या बाजूला स्वयंपाकघरातून काढलेला बारा इंची एक्झॉस्ट फॅन, हवा खेचून मागच्या दारातून परसात सोडायची. ते दार तसंही दिवसभर उघडंच असतं, आई तिथूनच बंबासाठी भुसा नेते.

एवढ्याने भागेल का? फिल्टर म्हणून काय लावायचं? आणि फॅनची मोटर थिनरच्या वाफेत चालवणं कितपत बरं, ही खरी धास्ती आहे. मास्क कोरोनातले एन-९५ शिल्लक आहेत.

कुपवाडकर:

दादा, एमआयडीसीत पेंट शॉपला आहे, म्हणून बोलतो. सांगाडा ठीक. फॅन नाही.

हिशेब सोपा असतो. बूथचं तोंड किती चौरस फूट, आणि त्यातून हवा मिनिटाला किती फूट सरकली पाहिजे. कारखान्यात साधारण शंभर फूट धरतात. तुमचं तोंड सहा बाय सात, म्हणजे ४२. गुणिले शंभर, ४,२०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा. घरगुती कामाला निम्मं धरा, तरी २,१०० लागतात. तुमच्या फॅनच्या खोक्यावर काय लिहिलंय?

धागाकर्ता:

खोकं सापडलं. तासाला १,००० घनमीटर.

कुपवाडकर:

म्हणजे ५९० सीएफएमच्या आसपास. भागिले ४२. मिनिटाला १४ फूट! बूथच्या एका टोकाचं धुकं दुसऱ्या टोकाला जायला अर्धा मिनिट, आणि तेही फिल्टर नसताना. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, पुढं फिल्टर लावला की फॅन दमतो. अठरा इंची हेवी ड्यूटी बघा, जुना मिळाला तर बजेटात बसेल.

गनचं पण बघा. साध्या गनमधला निम्म्याहून जास्त माल लाकडावर न बसता उडतो. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) चांगली, पण तिला हवा फार लागते, दोन एचपी धापा टाकेल. एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) घ्या, १.३ चा नोझल. कमी हवेत चालते आणि धुकंच कमी होतं. जे धुकं झालंच नाही ते ओढायला फॅन लागत नाही.

अणुरेणू:

फॅन-फिल्टरचं चालू द्या. पण मला धागाकर्त्याच्या एका वाक्यापाशी थांबायला झालं. "आई तिथूनच बंबासाठी भुसा नेते." बंब कुठं आहे?

धागाकर्ता:

मागच्या दारापासून दहा-बारा फुटांवर. सकाळी सहा ते नऊ पेटलेला असतो. रविवारी न्हाणं असलं की अकरापर्यंत.

अणुरेणू:

आणि वाफ त्याच दारातून बाहेर सोडणार होतात?

हे मोजूनच दाखवतो. थिनर म्हणजे नुसतं टोल्युईन नव्हे, पण अंदाजाला तेच धरू. एक लिटर टोल्युईन उडालं की साधारण २३० लिटर वाफ होते. हवेत ती १.१ टक्क्याच्या आसपास गेली की ठिणगीची वाट बघते. तुमचा बूथ ६ × ७ × ७, म्हणजे सव्वाआठ घनमीटर. त्यात हा टक्का गाठायला ९० लिटर वाफ पुरते. द्रवात सांगायचं तर ४०० मिलिलिटर. मोठ्या पेल्याएवढं! पूर्ण शेड धरली तर पावणेदोन लिटरच्या घरात. परवा शटर लावून मारलंत तेव्हा किती वापरलं होतं?

शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड. वर जाऊन विरत नाही, जमिनीलगत पाण्यासारखी सरकते, उंबरा ओलांडते आणि खालीच असलेल्या विस्तवापाशी पोचते. टोल्युईनला पेट घ्यायला उन्हाळाही लागत नाही, फ्लॅश पॉइंट, म्हणजे वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, ४ अंश सेल्सिअस आहे. सांगलीची थंडीतली पहाटसुद्धा त्याला उबदार.

आता दुसरी बाजू, म्हणजे घाबरून गन विकू नका. अठरा इंची फॅनने २,००० सीएफएम खरंच सरकले, तर मिनिटाला साडेछप्पन्न घनमीटर हवा. गनमधून मिनिटाला १५० मिलिलिटर गेलं आणि सगळं थिनर धरलं, तरी वाफ ३५ लिटर. प्रमाण ०.०६ टक्के, धोक्याच्या पातळीच्या पंधरापटीहून खाली. म्हणून गन धरायच्या आधी फॅन चालू, आणि गन ठेवल्यावरही निदान अर्धा तास चालू. लॅकर वाळतं म्हणजे थिनर हवेतच येत असतं.

कुपवाडकर:

बंब माझ्या नजरेतून सुटला होता. सर बरोबर बोलतायत.

मग सगळं उलटंच करा. फॅन खेचायला नको, ढकलायला लावा. शेडला खिडकी आहे ना? फॅन त्या खिडकीत उलटा बसवा, बाहेरची स्वच्छ हवा आत. मोटर, कपॅसिटर, वायर सगळं ताज्या हवेत, वाफेत काहीच नाही. बूथ खिडकी आणि शटरच्या मध्ये लावा, हवा खिडकीतून शिरून शटरमधून पुढच्या अंगणात जाईल. मागचं दार बंद, फटीत गोणपाट.

मात्र फॅनचा झोत सरळ पाटावर घेऊ नका, जमिनीवरची सगळी धूळ उठेल. फॅननंतर फूटभर मोकळी जागा, मग आडवा पडदा. गादीवाल्याकडे पॉलिस्टरचं वॅडिंग मीटरवर मिळतं, ते जाळीवर ताणून लावा. झोत त्यावर मोडतो, हवा सगळ्या पडद्यातून संथ येते आणि तुमची काजळीही तिथंच अडकते. शटरच्या बाजूला पेंट अरेस्टर, म्हणजे उडालेला रंग अडवणारा फिल्टर, काचतंतूचा, रोलमधून कापून मिळतो. कूलरचं गवत कुणी सांगेल, ऐकू नका. एनसीचा वाळलेला भुगा सुक्या गवतात साठला की ती शेकोटीची तयारी.

तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं. पाट तुमच्या आणि शटरच्या मध्ये. बरेच जण उलटे उभे राहतात आणि आपलंच धुकं खातात.

लाईट प्लास्टिकच्या बाहेरून मारा, बटणंही बाहेर.

द्राक्षवाली:

तासगावकडची आहे, त्यामुळे प्लास्टिकवर माझा हक्क. बागेवरचं जुनं प्लास्टिक घेऊ नका हो. वर्षभर त्याच्यावर औषधं उडालेली असतात, आणि फवारणीत स्टिकर-स्प्रेडर टाकतात, तो बऱ्याचदा सिलिकॉनचा. दिराने त्याच हाताने दाराला पॉलिश केलं होतं, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले, खालचं लाकूड दिसेपर्यंत. पॉलिशवाला म्हणाला सिलिकॉन. शेडनेटवाल्यांकडून पॉलिहाऊसचा नवीन कागद आणा, तुम्हाला फार लागणार नाही.

फुकटच पाहिजे असेल तर बेदाणा शेडवरची जुनी हिरवी जाळी आणा, धुऊन. खिडकीबाहेर दोन पदरी बांधली की मोठी काजळी फॅनपर्यंत येतच नाही. आमच्याकडे बेदाण्यावर काजळी पडू नये म्हणून हीच धडपड असते.

चपडीवाला:

एका पाटासाठी एवढं रामायण? मिरज तुमच्यापासून किती लांब आहे? तिथं सतारी-तंबोऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या काय लावतात ते बघून या. चपडी (लाखेचे पापुद्रे) स्पिरिटमध्ये भिजवायची, कापसाला मलमलीचं फडकं गुंडाळून बोळा करायचा आणि घासत राहायचं. ना फॅन ना गन ना काकूंच्या कुरडया. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, ते काय स्प्रे बूथवर मिळालं का?

धागाकर्ता:

चपडीवाले, मान्य, चमक तीच खरी. पण तंबोऱ्यावर कुणी ओल्या केसांनी बसून चहाचा कप ठेवत नाही. चपडीवर पाणी राहिलं की पांढरा डाग आणि गरम कप ठेवला की गोल चट्टा, हे घरच्या देव्हाऱ्यावर अनुभवलंय. बहिणीला दोन मुलं आहेत. म्हणून तर मी उलट हार्डनर मिसळायचं टू-पॅक पीयूच (पॉलियुरेथेन) मारावं म्हणत होतो.

कुपवाडकर:

पीयू घरी मारू नका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की दमा मागं लागतो, नंतर थोड्याशा वाफेनेही उठतो. वासावरून कळतही नाही, त्यामुळे मास्कचं काडतूस संपलंय हे समजायला मार्ग नाही. आमच्याकडे त्याला बाहेरून नळीने हवा देणारा मास्क लावतात. एनसीवरच थांबा, हात वाढवा.

आणि ते एन-९५ रंध्याच्या धुळीला ठेवा. वाफ त्यातून आरपार जाते. कोळशाचं काडतूस असलेला अर्ध्या तोंडाचा मास्क घ्या, ऑरगॅनिक व्हेपर लिहिलेलं, पुढं धुळीचा प्रीफिल्टर. या खर्चात काटकसर नको. वापरून झाला की हवाबंद डब्यात, नाहीतर कोळसा खुंटीवर टांगल्या टांगल्या वास ओढत बसतो.

धागाकर्ता (तीन आठवड्यांनी):

उशीर झाला, आधी माफी.

बूथ उभा राहिला. फॅन भंगारवाल्याकडून अठराशेला, बेअरिंग बदलायला दोनशे. पाईप, एल्बो, टी मिळून अकराशे. कागद, वॅडिंग, अरेस्टर धरून आणखी सोळाशे. चार हजार सातशेला सांगाडा संपला. मास्क आणि गन वेगळी, ती बायकोच्या हिशेबात अजून आलेली नाहीत.

एक चूक झाली ती सांगतो. सुरुवातीला बूथचा कागद फडफडून आत-बाहेर व्हायचा आणि दर फडफडीला धूळ सोडायचा. कोरड्या हवेत प्लास्टिक केसही ओढून घेतं. खालच्या कडेला वाळू भरलेली पाईप गुंडाळली, आतून ओलं फडकं फिरवलं, जमिनीवर पाण्याचा हबका मारला. तेव्हा शांत झालं. पाणी जास्त मारलं नाही, दमट हवेत एनसी पांढरं पडतं हे पावसाळ्यात एकदा भोगलंय.

अगरबत्ती घेऊन आत उभा राहिलो (गन, थिनर, डबा सगळं घरात ठेवून, अणुरेणू सर, आधीच सांगतो). धूर सरळ रेघेत शटरकडे. फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात भोवरा होतो, तिथं धूर घुटमळतो. पाट उजवीकडे सरकवून टांगला.

तीन हात झाले. परवा दुपारी पुन्हा कुठंतरी फड पेटला होता. बाहेरच्या जाळीवर काजळी लोंबत होती आणि पाटावर एक कण नाही. जाळी झटकायला काकूच आल्या, कुरडयांचा विषय काढला नाही.

कोपऱ्यातल्या भोवऱ्यावर कुणाकडे उपाय असेल तर सांगा, वॅडिंग तिथं पातळ करू का जाड? उद्या चौथा हात. आईने आत्ताच विचारलं, सकाळी बंब किती वाजता पेटवू. म्हटलं, उद्या गिझरचं पाणी घे.