मदत हवी आहे : सुट्टीत घर बंद, गाडी दारात उभी – आधी काय करावं?

धागाकर्ती

मंडळी,

सुट्ट्यांमध्ये आम्ही घरातले सगळेच दोनेक आठवडे बाहेर असणार आहोत. घर तळमजल्यावर आहे. पुढे मुख्य दार, मागे बोळात उघडणारं एक दार आणि बाजूला दोन सरकत्या खिडक्या. गाडी बरोबर नेत नाही, ती घरासमोर उघड्यावरच उभी राहील. गाडी बटणस्टार्ट आहे. चावी खिशात असली की हात लावल्यावर दार उघडतं, त्यातली.

घरात या विषयावर तीन पक्ष पडलेत. नवऱ्याचं म्हणणं, आणखी दोन कॅमेरे लावू (एक वायफायवाला पुढे आहेच). सासूबाई म्हणतात, बाहेरचा दिवा चालू ठेवून जायचं, इतकी वर्षं तेच केलंय. मला वाटतं की दारं-खिडक्या आधी बघाव्यात, पण नेमकं काय बघायचं ते कळत नाही. मुख्य दाराला आत बसवलेलं लॅच आहे आणि जाताना बाहेरून कडीला टाळा लावतो.

वेळ थोडा आहे आणि खर्चालाही मर्यादा आहे, त्यामुळे सगळं होणार नाही. आधी काय करायचं आणि काय केलं नाही तरी चालेल, एवढं सांगा. गाडीबद्दल तर मी पार अनभिज्ञ आहे. चावी नुसती घरात असली तरी गाडी चोरता येते हे खरं आहे का?

वरच्या मजल्यावरचे काका-काकू घरीच असणार आहेत. पण त्यांना रोज चक्कर मारा म्हणायचं जिवावर येतं.

करवतकाका

ताई, तुमचा पक्ष बरोबर आहे. दारं बसवण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाथ मारून दार उघडतात तेव्हा बहुतेक वेळा कुलूप तुटत नाही, चौकट फुटते. कुलपाचा बोल्ट (बाहेर येणारा दांडा) चौकटीत जिथे शिरतो तिथे एक लहानशी पट्टी असते आणि ती अर्ध्या-पाऊण इंचाच्या स्क्रूंवर तग धरून असते. कुलूप कितीही महागाचं घ्या, जोर शेवटी त्या स्क्रूंवर येतो. ती पट्टी काढून जाड पत्र्याची लांब पट्टी लावा आणि स्क्रू ७५ मिलिमीटरचे वापरा, म्हणजे ते चौकटीतून पार होऊन मागच्या भिंतीत किंवा लाकडात धरतील. भिंत विटा-काँक्रीटची असेल तर अँकर (भिंतीत स्क्रू धरून ठेवणाऱ्या खुंट्या) लागतील, कारागिराला तसं आधीच सांगा. या एका कामाने जेवढा फरक पडतो तेवढा बाकी कशाने पडत नाही.

आता लॅच. दार ओढलं की आपोआप बसतं ते स्प्रिंगचं लॅच म्हणजे कुलूप नव्हे. तिरक्या जिभेचं साधं लॅच प्लास्टिकच्या कार्डाने सरकवता येतं. तुमच्या लॅचला चावी फिरवून जीभ पक्की करायची सोय आहे का बघा, आणि असेल तर जाताना ती फिरवाच. नसेल तर वेगळा डेडबोल्ट (स्प्रिंग नसलेला, चावी फिरवूनच पुढे-मागे होणारा बोल्ट) बसवून घ्या. त्याचा बोल्ट निदान २५ मिलिमीटर बाहेर यायला हवा. कुलपाचा सिलिंडर (चावी घालतो तो भाग) दारावरच्या पट्टीबाहेर तीनेक मिलिमीटरपेक्षा जास्त डोकावत असेल तर तो पकडीने धरून मोडता येतो. तो बदलायचं काम किरकोळ आहे.

बाहेरून लोंबणाऱ्या टाळ्याबद्दल माझं मत फार वाईट आहे. ‘घरात कोणी नाही’ ही पाटीच ती. शिवाय कोयंडा बाहेरून चार स्क्रूंवर बसवलेला असेल तर टाळ्याला हातही लावावा लागत नाही. दारात बसवलेलं कुलूप बाहेरून बघून घर बंद आहे की माणसं आत आहेत हे कळत नाही.

मागच्या दाराला बाहेरून काहीच लावू नका. तुम्ही निघणार पुढून, तेव्हा मागचं दार आतून वर-खाली कड्या आणि मध्ये अडसर घालून बंद करा. हे दार बाहेर उघडत असेल तर बिजागऱ्या बाहेर असतील आणि त्यांच्या पिना ठोकून काढता येतात. तसं असेल तर न निघणाऱ्या पिनांच्या बिजागऱ्या लावा.

खिडक्या सोप्या आहेत. खालच्या खाचेत मापाची काठी आडवी टाका. मग बंद झडप दोन्ही हातांनी वर उचलून बघा. उचलून खाचेतून निघत असेल तर वरच्या खाचेत एक-दोन स्क्रू थोडे बाहेर ठेवून मारा.

रात्रपाळी

करवतकाकांनी दारांबद्दल सांगितलेल्या सगळ्या मुद्द्यांशी सहमत. दिव्याबद्दल मात्र सासूबाईंना हळूच सांगावं लागेल. दुपारी बारा वाजता जळणारा बाहेरचा दिवा टाळ्याइतकाच बोलका असतो. साधा टायमर घ्या आणि आतल्या खोलीतला दिवा त्यावर लावा. वेळा थोड्या मागेपुढे करणारा मिळाला तर उत्तम. पडदे नेहमी जसे असतात तसेच राहू द्या. एरवी उघडं असणारं घर अचानक सगळीकडून झाकलेलं दिसलं की वेगळं वाटतं.

अलार्मचा विषय अजून कोणी काढला नाही म्हणून लिहितो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या शार्लट इथल्या संशोधकांनी घरफोडीबद्दल शिक्षा झालेल्या ४२२ जणांना विचारलं होतं. २०१२ च्या आसपासची पाहणी आहे. त्यातले सुमारे ८३ टक्के म्हणाले की घराला अलार्म आहे का ते आम्ही आधी बघतो, आणि सुमारे ६० टक्के म्हणाले की असेल तर दुसरं घर शोधतो. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न आहेच, आणि तिथे करवतकाकांचे लांब स्क्रू कामाला येतात. दारावर आणि खिडकीवर चिकटवायचे छोटे बॅटरीवाले भोंगे मिळतात. भोंगा तिथल्या तिथे वाजतो, आणि वर काका-काकू आहेत म्हणजे ऐकायलाही कोणीतरी आहे.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. आत्ताच खिडकी उचलून बघितली. एक अलगद हातात आली! हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग कॅमेऱ्यांचं काय? नवरा वाचतोय, त्याला उत्तर हवंय.

तारांचा गुंता

त्यांना नमस्कार सांगा. आहे तोच कॅमेरा नीट करा, नवीन नको.

पहिलं म्हणजे कारखान्यातून आलेला पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डशिवाय मोबाइलवरचा कोडही लागतो ती) सुरू करा आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) असेच मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर प्रचंड संख्येने ताब्यात घेतले होते. तेव्हा त्यांचा वापर इतरांवर हल्ले करायला झाला, पण ज्याच्या हाती कॅमेरा गेला त्याला तुमचं रिकामं घरही दिसतंच.

दुसरं, वीज गेली की राउटर बंद आणि कॅमेरा आंधळा. राउटरला छोटा बॅकअप द्या आणि कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घाला, म्हणजे इंटरनेट गेलं तरी रेकॉर्डिंग होत राहील. वायफायचा सिग्नल मुद्दाम अडवताही येतो, तेव्हाही कार्डच उपयोगी पडतं.

तिसरं, कॅमेरा छताला टेकवून लावला असेल तर टोप्यांचे माथे तेवढे दिसतील. चेहरा दिसेल असा कोन साधा.

आणि खरा प्रश्न त्यांना विचारा. रात्री अडीचला तुम्ही शेकडो किलोमीटरवर असताना मोबाइलवर सूचना आली, तर पुढे काय करणार? फोन कोणाला लावायचा हे ठरलेलं नसेल तर कॅमेऱ्याने चोरी थांबत नाही, ती फक्त बघायला मिळते.

गॅरेजातला

गाडीकडे वळतो. होय, चावी घरात असूनही गाडी जाते. या गाड्यांमध्ये गाडी हाक मारते आणि चावी जवळ असेल तर ओ देते. दोन चोर येतात. एक जण घराच्या दाराशी किंवा भिंतीशी उपकरण धरतो, दुसरा गाडीपाशी. चावीचा क्षीण सिग्नल पहिल्याकडून दुसऱ्याकडे पोचवला जातो, गाडीला वाटतं मालक शेजारी उभा आहे. काच फुटत नाही, अलार्म वाजत नाही.

उपाय स्वस्त आहे. सिग्नल अडवणारी फॅरेडे पिशवी मिळते, दोन्ही चाव्या तिच्यात ठेवायच्या. दुसरी चावी कपाटात पडलेली असते आणि तिची आठवण कोणालाच राहत नाही. पिशवी घेतल्यावर तपासा : चावी आत घालून गाडीपाशी जा आणि दाराला हात लावा. उघडलं तर पिशवी कुचकामी. वापरून अस्तर झिजतं, म्हणून अधूनमधून पुन्हा तपासावं. काही गाड्यांत आपोआप उघडण्याची ही सोय सेटिंगमधून बंद करता येते, आणि काही चाव्या हलल्या नाहीत की स्वतःच झोपी जातात. गाडीबरोबर आलेलं पुस्तक एकदा उघडून बघा.

पण पिशवीवर विसंबून राहू नका. २०२२ मध्ये इंग्लंडमध्ये इयन टेबर या वाहन-सुरक्षा संशोधकाचीच गाडी चोरीला गेली. त्याने आणि गाड्यांमधल्या संगणकजाळ्यांचा जाणकार केन टिंडेल याने छडा लावला तेव्हा कळलं की चोर पुढच्या दिव्याजवळची वायर उघडी करून गाडीतले छोटे संगणक ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या अंतर्गत जाळ्यात खोटे संदेश सोडतात, ‘चावी बरोबर आहे, दार उघड’ असे. तिथे तुमची चावी कुठे आहे याला काही अर्थच उरत नाही. आत बसल्यावर, बिघाड शोधायला गॅरेजवाले यंत्र जोडतात त्या पोर्टमधून नवीन चावी बनवून घेण्याचा प्रकार आणखी वेगळा.

म्हणून माझी शिफारस जुन्या पद्धतीची आहे : स्टिअरिंगवर बसणारा, लांबून दिसणारा लोखंडी लॉक, आणि जमलं तर चाकालाही एक. संगणकाला फसवणाऱ्या माणसाला मग करवतही आणावी लागते.

गाडीत काही ठेवू नका. रिकामी पिशवीसुद्धा नको, बाहेरच्याला ती रिकामी आहे हे माहीत नसतं. कागदपत्रं, घराची जादा किल्ली, फाटकाचा रिमोट सगळं काढा. पत्ता आणि रिमोट एकाच कप्प्यात म्हणजे काच फोडणाऱ्याला थेट घराचं आमंत्रण.

शंकेखोर

स्टिअरिंगची कडाच कापून लॉक काढतात असं ऐकलंय. मग उपयोग काय?

गॅरेजातला

कापतात की. वेळ जातो, आवाज होतो आणि नंतर स्टिअरिंग कापलेली गाडी चालवत न्यावी लागते. शेजारी बिनलॉकची उभी असेल तर तुमच्यावर कोण कष्ट घेईल?

उंबरठा

ताई, काका-काकूंना विचारायचा संकोच सोडा. तुमच्याकडे असलेली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती यादीत शेवटी टाकलीत!

इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक प्रयोग झाला. ज्या घरात चोरी झाली त्याच घरात थोड्याच दिवसांत पुन्हा चोरी होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून अशा घराभोवतीच्या पाच-सहा शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगितलं. जोडीला कुलपं सुधारली आणि घराघरातले गॅस-विजेचे नाण्यांवर चालणारे मीटर काढले, कारण आतल्या पैशांसाठी चोर ते फोडत. पहिल्याच वर्षात वसाहतीतल्या घरफोड्या निम्म्याहून खाली आल्या. एकट्या शेजाऱ्यांचं ते श्रेय नाही, पण त्यांचाही त्यात वाटा होता.

मात्र ‘जरा लक्ष ठेवा’ असं मोघम सांगू नका. त्यातून दोघांनाही नुसती काळजी लागते. ठरावीक कामं सांगा : दारात पडलेली पत्रकं आणि टपाल उचलायचं, एक दिवसाआड मागच्या दाराकडे नजर टाकायची आणि काही संशय आला तर स्वतः आत न जाता पोलिसांना फोन करून मग तुम्हाला कळवायचं. किल्ली त्यांच्याकडे द्या, कुंडीखाली किंवा मीटरच्या पेटीत नको. तिथे सगळेच बघतात. ऑनलाइन मागवलेलं काही त्या काळात येणार नाही एवढं बघा. नव्या वस्तूंची खोकी निघण्याच्या आदल्या दिवशी बाहेर कचऱ्यात ठेवू नका, ठेवायचीच तर फाडून, आतली बाजू बाहेर करून.

फोटो परत आल्यावर टाका. मुलांना हे खास बजावा, मोठी माणसं गप्प बसतात आणि मुलं स्टेशनवरूनच सगळ्यांना सांगून मोकळी होतात.

जाण्यापूर्वी मौल्यवान वस्तूंचे फोटो आणि अनुक्रमांक काढून ठेवा आणि विम्याच्या अटी वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा लागतात, आणि गाडीच्या दाव्यात दोन्ही चाव्या मागतात. दागिने कपड्यांच्या कपाटात नकोत. झोपायची खोली चोर आधी धुंडाळतो. छोटी तिजोरी असेल तर भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने पक्की हवी, नाहीतर सगळं एकत्र बांधून दिल्यासारखंच आहे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं : कारागीर बोलावलाय, चौकटीची पट्टी, डेडबोल्ट आणि मागच्या दाराचा अडसर तो करेल. खिडकीच्या काठ्या आम्हीच कापल्या. नवीन कॅमेरे रद्द, त्या पैशात स्टिअरिंग लॉक, पिशवी, टायमर आणि दोन भोंगे. काकूंना विचारलं, तर त्याच म्हणाल्या की आम्ही एरवीही बघतोच, पण किल्ली दिलीस तर बरं होईल.

एकच शंका उरली. नवरा म्हणतो (हो, त्याला काहीतरी करायचंच आहे) गाडीच्या बॅटरीची तार काढून ठेवतो, म्हणजे गाडी सुरूच होणार नाही. करू द्यावं का?

गॅरेजातला

नको. तार काढली की गाडीचा अलार्मही जातो, फक्त भोंग्याला स्वतःची बॅटरी असेल तरच वाजेल. मागोवा घेणारं यंत्र असेल तर तेही थोड्या वेळाने मुकं होतं. काही गाड्यांची डिकी विजेवरच उघडते, ती अडकून बसेल. चोराला मात्र तार परत जोडायला मिनिट लागत नाही. बॅटरी चांगली असेल तर दोन आठवडे गाडी उभी राहायला काही होत नाही. जुनी असेल तर निघण्यापूर्वी तपासून घ्या. अशक्त बॅटरीवर अलार्म कारण नसताना वाजतो, आणि तो बंद करायला काका-काकूंना चावी लागेल. तेव्हा एक चावी पिशवीसकट त्यांच्याकडे द्या, दुसरी तुमच्याबरोबर न्या. आणि चावी पिशवीतून काढल्याशिवाय तिचं बटण चालत नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.