अनुभव धागा: रूमवर परतताना वाटेत किती खांब बंद असतात?

जून-जुलैत खेड्यातली पोरं-पोरी तालुक्याला रूम करून राहायला येतात. गादी, शेगडी, पिठाचा डबा आईबाप स्वतः आणून देतात आणि रूम दिवसा पाहून जातात. रात्री साडेनऊला तीच वाट कशी असते, हे पहिल्या आठवड्यात एकट्या पोरीला कळतं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याला दोन वर्षं अशी राहिले. अभ्यासिकेपासून रूमपर्यंत सात खांब होते, लागायचा एकच, तोही पानठेल्यासमोरचा. म्हणून हा धागा. मोघम लिहू नका. वाट कुठून कुठपर्यंत, अंधार कशामुळे, तुम्ही काय केलं, ते सांगा. नावं नकोत.

बी.ए. दुसरं वर्ष, वाशीम जिल्हा
आमच्या रूम गावाबाहेरच्या ले-आऊटमध्ये आहेत. वावर मोडून पाडलेले प्लॉट, मधे मधे घरं, बाकी कमरेएवढं गाजरगवत. खांब आहेत, तारा आहेत, दिवे नाहीत. ग्रामपंचायतीत गेलो तर म्हणाले, ले-आऊट आमच्याकडे हस्तांतरित झालेलं नाही. प्लॉटवाला म्हणाला, प्लॉट विकले, माझा संबंध संपला.

आम्ही तिघी सोबतच निघतो. एका रात्री मागून मोटरसायकल आली, हळू झाली, चालवणाऱ्यानं हेडलाइट बंद केला आणि तसाच आमच्या मागे मागे येत राहिला. आमच्या हातात मोबाइलचे टॉर्च होते. तेव्हा कळलं, टॉर्च लावला की आपण सगळ्यांना दिसतो, आपल्याला मात्र पुढचं एक पाऊल सोडून काही दिसत नाही. मागे वळून टॉर्च मारायची हिंमत तिघींपैकी कोणाचीच झाली नाही. जे पहिलं घर लागलं त्याचं फाटक वाजवलं. त्या काकूंनी काही न विचारता आत घेतलं, पाणी दिलं, मग काका रूमपर्यंत सोडायला आले. तेव्हापासून काकूंच्या वरांड्यातला बल्ब आम्ही पुढे गेल्याशिवाय विझत नाही.

घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाबा दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आले असते आणि सामान भरून मला घेऊन गेले असते.

धागाकर्ती
शेवटची दोन वाक्यं मी चार वेळा वाचली. मीही तेव्हा घरी सांगितलं नव्हतं. अंधाराची तक्रार केली की दिवा लागत नाही, पोरीचं शिक्षण बंद होतं, ही भीती आपल्या सगळ्यांच्या पोटात असते. म्हणूनच त्या सात खांबांची तक्रार कधी कोणाच्या कानावर गेलीच नाही.

ग्रामपंचायतीचा शिपाई, बुलडाणा जिल्हा
ताई, मी सोळा वर्षं गावचे दिवे लावून राहिलो. आमच्याकडे टायमर नाही, सांजच्याला डीपीजवळच्या पेटीतून मी हातानं चालू करतो. मी बाहेरगावी गेलो अन् कोणाला सांगायचं राहिलं की गाव अंधारात. एलईडी आले तेव्हा वाटलं कटकट मिटली. पण लाईन कमीजास्त झाली की आतलं सर्किट जळते अन् अख्खी फिटिंग बदलावी लागते. जुना बल्ब मी शिडी लावून बदलत होतो, हे नाही जमत.

त्या वाशीमच्या बाईंना एक सांगतो. दिवाबत्ती हे पंचायतीचं काम आहे, १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत ते आहे. घरमालकाची घरटॅक्सची पावती पाहा. तिच्यावर घरपट्टी, आरोग्य कर अन् दिवाबत्ती कर वेगवेगळे लिहिलेले असतात. दिवाबत्ती कर घेतला असंल तर हस्तांतराचं कारण काहून सांगतात, हे विचारा. अर्जात “आमच्या गल्लीत अंधार आहे” असं लिहू नका, खांबावरचा नंबर लिहा. नंबर असला की वायरमनला नेमकं ठिकाण समजते.

पोलीस भरतीची तयारी, भंडारा जिल्हा
सगळे रात्रीचं लिहून राहिले, मी पहाटेचं लिहिते. आमच्या गावाला मैदान नाही. पोरांचे १६०० मीटर, आमचे ८०० मीटर, दोन्ही डांबरी रस्त्यावर. साडेचारला निघतो, कारण नंतर ट्रक वाढतात. धान कापणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नसतो. अंधारात ती उभी आहे की चालू, हे अगदी जवळ गेल्यावरच समजते. आमच्यातला एक जण उभ्या ट्रॉलीवर आदळला, खांद्याचं हाड मोडलं, त्या वर्षीची भरती गेली. आता आम्ही चमकत्या पट्ट्यांची जाकिटं वर्गणीतून आणली आहेत आणि समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेनं धावतो. माझे वडील सायकलवर मागे असतात, हँडलला बॅटरी बांधून.

आयटीआय, चंद्रपूर जिल्हा
थोडक्यात लिहितो. पावसाळ्यात रूममागच्या संडासाकडे जाताना मित्राच्या पायाला काही लागलं. दुखलं नाही, सूज नाही, म्हणून तो झोपायला निघाला होता. रूममालक म्हणाले, मण्यार असू शकते, तिचा दंश बरेचदा दुखतही नाही. रात्रीच दवाखान्यात नेलं, तोवर पापण्या जड झाल्या होत्या. वाचला. एक बल्ब मागच्या भिंतीवर असता तर पाय पडलाच नसता.

नाव नको, अकोला जिल्हा
पुलियावर बसणारी पोरं म्हणतात ना, त्यांत मी होतो. आम्ही कोणाला काही बोलत नव्हतो, गाणी लावून बसायचो, बस. एक दिवस चुलत बहीण म्हणाली, दादा, तुम्ही बसता म्हणून आम्ही शाळेमागून फिरून येतो, अन् तिथं एकही दिवा नाही. त्या वाटेनं मी रात्री एकदा जाऊन पाहिलं. पुलियावरचं बसणं तेव्हापासून सोडलं.

एका पोरीचा बाप, मेळघाट
पोरगी परतवाड्याला शिकते. गावाहून गेली की बस पोहोचायला रात्र होते, स्टँडपासून वसतिगृह पायी. आमच्या गावात रेंज नाही. मी टेकडीवर जाऊन बसतो. दोन मिस्ड कॉल म्हणजे पोहोचली. एकदा एकच आला. दुसऱ्यासाठी मी पहाटेपर्यंत बसलो होतो, तिच्या मोबाइलची बॅटरी संपली होती.

बी.ए. दुसरं वर्ष, वाशीम जिल्हा
शिपाई दादा, काकूंची पावती पाहिली. दिवाबत्ती कर आहे! ले-आऊटमधल्या पाच घरांच्या पावत्यांची झेरॉक्स जोडून, सहा खांबांचे नंबर लिहून अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. सोबत काकू आल्या, त्यामुळे या वेळी बसायला खुर्ची मिळाली. काल दोन खांबांवर फिटिंग लागली, एक काकूंच्या घरापुढचा, एक वळणावरचा. उरलेल्या चारचं सोमवारी विचारायला जातो आहोत. बाबांना आता फोनवर सगळं सांगितलं, मोटरसायकलचंही. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मग म्हणाले, सोमवारी मीपण येतो.