डिफिब्रिलेटर भिंतीवर लागला, चालवणार कोण?

चाकणवाला_सेफ्टी
आमच्या प्लांटमध्ये गेल्या महिन्यात एईडी, म्हणजे डिफिब्रिलेटर आलं. छातीला पॅड चिकटवले की ठोक्यांची लय स्वतःच तपासून, गरज असेल तरच शॉक द्यायला सांगणारं यंत्र. साहेबांनी नारळ फोडला, फोटो झाले, आणि प्रशिक्षणासाठी चार नावं मागवली. तीन पाळ्या, साडेपाचशे माणसं, नावं चार! माझं म्हणणं, शिकवायचं तर सगळ्यांना. कँटीनवाले आणि कंत्राटी हेल्पर धरून. हृदय बंद पडल्यावर काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमधून १०८ गेटवर पोहोचेपर्यंत उरतं काय?

प्रेसशॉप_भोसरी
यंत्र बोलून सांगतं ना, मग शिकायचं काय? बनवलंच आहे कुणालाही वापरता यावं म्हणून. उलट चौघांना बिल्ले लावलेत की बाकीचे हाताची घडी घालून बिल्लेवाल्याची वाट बघणार. माझ्याकडे अठरा माणसं. कोटेशन लाखाच्या वर, शिवाय पॅडना एक्स्पायरी, बॅटरी वेगळी. तेवढ्या पैशात मी प्रेसला लाइट कर्टन लावीन, हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा. आमच्या धंद्यात आधी बोटं जातात, साहेब.

भूलबाई
भूलतज्ज्ञ आहे म्हणून मध्ये बोलते. यंत्र बोलतं, पण कुणी ते उघडल्यावर! चूक त्याआधीच होते. कोसळलेला माणूस मधूनच आचके देतो, घोरल्यासारखा आवाज काढतो. भोवतालचे म्हणतात, श्वास चालू आहे, फिट आली असेल, कांदा आणा. तो श्वास नव्हे! हाक मारून, हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, की एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने छाती दाबायला घ्यायची. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंमी खोल. अजून एक. हृदयाची रेघ सपाट झालेली असेल तर यंत्र शॉक देतच नाही. बिघडलं समजून लोक हात काढतात. दाबणं थांबवायचं नसतं.

चाकणवाला_सेफ्टी
+१. लास वेगासच्या कॅसिनोंमध्ये सुरक्षारक्षकांना हेच शिकवलं होतं. २००० साली त्याचा अभ्यास छापून आला. लोकांदेखत कोसळलेल्या, शॉक देण्याजोगी लय असलेल्यांपैकी ३ मिनिटांच्या आत शॉक मिळालेले ७४ टक्के वाचले. त्याहून उशीर झालेले ४९ टक्के.

शंकासुर
कॅसिनोत दर दहा पावलांवर कॅमेरा आणि रक्षक. तुमच्या रात्रपाळीला कंप्रेसरमागे कोण बघतंय? आणि शॉक देऊनही माणूस गेला तर नातेवाईक कुणाची कॉलर धरणार? मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं २०१९ चं कलम मोटार अपघातापुरतं आहे.

भूलबाई
अहो, ज्याचं हृदय थांबलंय त्याचं तुम्ही आणखी काय वाईट करणार? आणि लय ठीक असेल तर यंत्र शॉक देऊ देत नाही. कॉलरचं मात्र खरं आहे, ती भीती मी वॉर्डबाहेर रोज बघते. कंपनीने लेखी द्यावं की मदत करणाऱ्याच्या पाठीशी आम्ही आहोत.

प्रेसशॉप_भोसरी
बाईंचं अर्धं पटलं. छाती दाबणं शिकवून घेतो, त्याला फार खर्च नाही. यंत्र यंदा नाही.

चाकणवाला_सेफ्टी
चालेल, सुरुवात तिथूनच व्हावी. 'यंत्र बोलतं'वाल्यांसाठी एक किस्सा: आमचं इंग्रजीत बोलतं. डेमोला ओडिशाचा एक हेल्पर घेतला. यंत्र म्हणालं 'स्टँड क्लिअर', म्हणजे लांब व्हा. पोरगा पुतळ्याचा हात धरून तिथेच ताठ उभा राहिला. त्याला 'स्टँड' तेवढं कळलं होतं. आता हिंदी आवाज बसवून मिळतो का विचारतोय.

शंकासुर
त्या पेटीला कुलूप आहे का?

चाकणवाला_सेफ्टी
आहे. चोरीच्या भीतीने. किल्ली स्टोअरला.

शंकासुर
स्टोअर किती वाजता बंद होतं?

चाकणवाला_सेफ्टी
सहाला. उद्या सकाळी पहिलं ते कुलूप काढतो.